मिस्त्रींनी स्कॅनर का घेतला

कानसेन मिस्त्रींनी स्कॅनर घेतला तेव्हा गॅरेजसमोरच्या बाकावर चार दिवस दुसरा विषय नव्हता. ज्या माणसानं चाळीस वर्षं नुसत्या आवाजावरून गाड्यांची दुखणी ओळखली, त्याला या डबड्याची काय गरज पडावी? बाकावर कायमचा मुक्काम ठोकलेले एक निवृत्त बसचालक तर फारच मनाला लावून घेऊन बसले.

"मिस्त्री, कानाला गंज चढला की काय?" त्यांनी भर चारचौघांत विचारलं.

"काळाबरोबर चालायला नको?" मिस्त्री हसत म्हणाले आणि बॉनेटमध्ये डोकं घालून मोकळे झाले.

कानसेन हे नाव त्यांना या बसचालकांनीच दिलं होतं. एकदा त्यांची बस रस्त्यानं जात असताना मिस्त्रींनी गॅरेजच्या दारातून हात करून ती थांबवली होती आणि मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं होतं. बेअरिंग खरंच गेलेलं निघालं. ही गोष्ट बसचालक आल्यागेल्याला ऐकवत, आणि दर वेळी बस आणि गॅरेज यांच्यामधलं अंतर दहा पावलांनी वाढे. आता ते जवळपास पुढच्या चौकापर्यंत पोचलं होतं.

गंजाचं ते थट्टेत विचारलेलं होतं, पण नेमकं वर्मावर बसलं होतं. मिस्त्रींचा कान जाऊन वर्ष होत आलं होतं. सगळा नाही गेला. घणाचा, हॉर्नचा, बसचालकांचा आवाज येई. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले: पट्ट्याची किरकिर, कुकरची शिट्टी, हळू बोलणाऱ्या बायकांचं बोलणं. इंजिन चालू आहे एवढं समजे, त्याच्या पोटात काय चाललंय ते समजत नसे. मिस्त्रींनी हे कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, बायकोलाही नाही. ज्याचा कान हेच भांडवल, त्यानं बहिरा झालो म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि सांगितल्यावर गाडी कोण आणणार?

म्हणून स्कॅनर. स्टिअरिंगखालच्या पॉइंटमध्ये त्याची पिन खोचायची, की पडद्यावर बिघाडाचा नंबर येई. पण मिस्त्री आधी ठरल्याप्रमाणे रबरी नळीचं एक टोक कानाला लावून, दुसरं इंजिनावर फिरवून, डोळे मिटून मान डोलवत. मग "खात्री करून घेऊ" म्हणत स्कॅनर काढत. लोकांना वाटे, निदान कान करतो आणि यंत्र फक्त सही करतं. जोडीला त्यांनी तीन शब्द तयार ठेवले होते: "हो हो", "बघतो" आणि "होईल". समोरचा काय बोलला हे न समजताही या तिघांवर बऱ्यापैकी निभावतं.

दोन वर्षं निभावलं. मग सिस्टरची गाडी आली.

सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी करणारी, इंजेक्शनं देणारी नर्स. वय चाळिशीच्या आसपास. गाडी तिच्या वडिलांची, जुनी, पण पुसून चकचकीत ठेवलेली. चौकात थांबली की बंद पडायची. आजाऱ्यांच्या खोल्यांमधून वावरून सिस्टरचा आवाजच मऊ झाला होता. ती खिडकीतून बरंच काही सांगत राहिली आणि मिस्त्री "हो हो" करत राहिले.

ती गेल्यावर त्यांनी स्टिअरिंगखाली हात घातला. पॉइंट नव्हता. आडवे होऊन टॉर्च मारून बघितलं, तरी नव्हता. शेवटी बॉनेट उघडल्यावर बॅटरीशेजारी काळ्या टोपणाखाली सापडला, तर तो गोल! स्कॅनरची पिन चपटी आणि रुंद. मिस्त्रींनी ती उभी धरली, आडवी धरली, चार शब्द सुनावले. पिन काही बधली नाही.

त्यांनी विक्रेत्याला फोन लावला. "अहो, सगळ्या गाड्यांना चालतो म्हणाला होतात!"

"सगळ्या म्हणजे नव्या सगळ्या," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "जुनीसाठी जोडवायर पाठवतो. आठ दिवस लागतील."

आठ दिवस गाडी अडवायची कशी? सिस्टरचे पेशंट ताटकळणार. मिस्त्रींनी नळी कानाला लावली, या वेळी देखाव्यासाठी नाही, अगदी जिवाच्या करारानं. नुसती घूंघूं ऐकू आली. मग अंदाजपंचे प्लग बदलले. आठ दिवसांनी गाडी परत. सिस्टर पुन्हा काहीतरी बोलली, हे पुन्हा "बघतो" म्हणाले, आणि एअर फिल्टर बदलला. दरम्यान जोडवायर आली होती. तिचं गोल तोंड पॉइंटमध्ये टक्कन बसलं तेव्हा मिस्त्रींना लॉटरी लागल्यासारखं झालं. पण पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी संपर्क होत नसल्याचा निरोप आला. वायर जुळली तरी गाडीची बोली निराळी, स्कॅनरची निराळी. मिस्त्रींनी वायर गुंडाळून खणात टाकली आणि सिस्टरला "होईल नीट" म्हणून वाटेला लावलं. हे त्यांनी करायला नको होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. ती गाडीतून उतरून थेट मिस्त्रींच्या समोर येऊन उभी राहिली, आणि या वेळी तिचा आवाज चढलेला होता, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू आला.

"काका, चौकात गाडी बंद पडली. मागून ट्रक येत होता. त्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचले, वीतभर अंतर राहिलं होतं. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गाडी थांबली की पुढून बारीक शिट्टी येते आणि मग बंद पडते. दुसऱ्या वेळीही सांगितलं. तुम्ही हो म्हणालात!"

थांबल्यावर शिट्टी, मग बंद. म्हणजे कुठल्यातरी फुटक्या पाइपातून इंजिन हवा ओढतंय. विसाव्या वर्षी त्यांनी झोपेतसुद्धा ओळखलं असतं. आणि इथं तर गाडीवालीनंच दोनदा दुखणं सांगितलं होतं, आणि त्यांनी दोनदा मान डोलावली होती.

बसचालक बाकावरून धावून आले. "सिस्टर, चाळीस वर्षांचा कान आहे तो! शिट्टी असती तर यांना ऐकू आली नसती?"

केवढी मोठी सोय होती ती. जुनी गाडी आहे, काढून टाका, एवढं म्हटलं असतं तरी नाव शाबूत राहिलं असतं. मिस्त्रींचं लक्ष सिस्टरच्या हाताकडे गेलं. किल्लीचे दात रुतेपर्यंत तिनं मूठ आवळलेली होती.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं.

बसचालक आधी हसले. मग मिस्त्रींचा चेहरा बघून बाकावर जाऊन बसले.

सिस्टरचा राग मात्र तिथंच उतरला. पेशंटला विचारावं तसं, पण मोठ्यानं तिनं विचारलं, "कधीपासून?"

"तीन वर्षं."

मिस्त्रींनी रबरी नळी तिच्या हातात दिली. "हे टोक तुमच्या कानाला लावा. कुठं ऐकायचं ते मी दाखवतो."

इंजिन सुरू केलं. मिस्त्री नळीचं दुसरं टोक एकेका पाइपाजवळ नेत, आणि तिच्याकडे बघत. ती मान हलवे, नाही. अजून खाली. नाही. इंजिनाच्या मागं, हात जेमतेम शिरेल अशा जागी टोक गेलं आणि सिस्टरनं झटकन हात वर केला. मिस्त्रींनी टॉर्च मारला, खालून आरसा धरला. पाइपाच्या पोटाला नखाएवढी चीर होती. वरून बघणाऱ्याला ती जन्मात दिसली नसती.

नवा पाइप बसवायला अर्धा तास लागला. गाडी पुन्हा सुरू झाली. मिस्त्रींनी इंजिनावर तळवा ठेवला, थरथर एकसारखी लागली. तरी त्यांनी विचारलं, "गेली शिट्टी?"

सिस्टरनं नळी तीनदा सगळीकडून फिरवली. "गेली."

इंजिनाच्या बाबतीत दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची मिस्त्रींची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांनी बॉनेट लावलं. निघताना सिस्टरनं कानाच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला आणि पुन्हा समोर येऊन म्हणाली, "घरीही सांगितलं नसेल. आज सांगा."

संध्याकाळी बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती. मिस्त्रींनी हात धुतले, पुसले, उगाच पुन्हा धुतले आणि सांगून टाकलं. सुरी थांबली.

तिनंही आधी कधीपासून तेच, जरा मोठ्यानं, विचारलं. तीन वर्षं म्हटल्यावर तिनं चिरलेली भाजी बाजूला सारली.

"म्हणजे मी मागून काही विचारायचे, आणि तुम्ही नुसतं 'बघतो' म्हणून निघून जायचात..."

"ऐकूच यायचं नाही गं."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "म्हणून मग मीच बोलणं सोडलं."

घरातली शांतता वाढत गेली ती सगळी आपल्या कानांची करामत, असं मिस्त्री तीन वर्षं समजत आले होते. त्यातली निम्मी तर खरीखुरी शांतता होती.

त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या अगदी समोर, तिचे ओठ दिसतील असे बसले. "काय काय सांगायचं राहिलं, ते सांग."

"आत्ता?" ती म्हणाली. "कुठून सुरू करू?"

"तू जिथं थांबलीस तिथून."

तिनं पदरानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.