तिनं प्यायलेला कषाय

हे सगळं मी आजवर बाहेरच्या कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची गरजच नव्हती — तिला सगळं ठाऊक होतं. खरं दुखणं तर तेच आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जीभ रेटतेय. आम्ही बंगळूरच्या मल्लेश्वरमचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा रेणूनं आणि मी तपासण्या करून घेतल्या. तिच्यात काहीच खोट नव्हती. दोष माझ्यात होता — शुक्राणू जवळजवळ नाहीतच. डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आईला कळता कामा नये. शेजारी बसलेल्या रेणूचा विचार? तो आलाच नाही.

आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, रेणूला डॉक्टरांकडे घेऊन जातोय. शब्दशः खरं होतं, नाही का? पण आईनं काय समजायचं ते समजलं, आणि मी समजू दिलं.

मग काय, आई कंबर कसून कामाला लागली. कुठल्याशा वैद्याकडून मुळ्या आणल्या आणि रोज सकाळी रेणूपुढं पेलाभर कषाय यायला लागला — काढाच हो, आमच्याकडे कषाय म्हणतात. कडू जहर! रेणू बेळगावची, जिभेची तिखट, एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही. पण ती गप प्यायची. माझी लाज राखायला. आणि मी? मी शेजारी बसून इडली खायचो. एकदा तिनं तोंड वाकडं केलं तर वर मीच म्हणालो, आई एवढं करतेय, जरा नीट पी की.

हो — हे मीच म्हणालो.

वर्षभर हे चाललं. मग एका रविवारी तिनं पेला माझ्यापुढं सरकवला. रागानं नाही, दमून. "आज तुम्ही प्या," म्हणाली. आई बघत होती. मी प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं, ते कडूपणावर खपवता आलं असतं — खपवायची सवयच होती. पण तोंडातून निघून गेलं, "आई, औषध मलाच हवं होतं. कमी माझ्यात आहे."

आईनं रिकामा पेला उचलून नेला. संध्याकाळी ती रेणूच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते, आणि पुढं कितीतरी दिवस दोघी माझ्याशी धड बोलत नव्हत्या. बरंच झालं.

आता दात्याचं बीज घ्यायचं की मूल दत्तक, यावर जेवताना आमचं भांडण जुंपतं, आईसुद्धा मध्ये तोंड घालते. घरात पुन्हा आवाज असतो. मला तो फार आवडतो.

परवा जेवायला आलेल्या एका काकूंनी रेणूला विचारलं, गोड बातमी कधी? मी तिच्या आधी बोललो, दोष माझ्यात आहे म्हणून. काकूंचा घास हातातच राहिला. रेणूनं त्यांच्या पानात निवांत भात वाढला.

तिनं मला माफ केलंय का, हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. ते वर्ष तिनं गिळलं, आणि मी बघत बसलो होतो.