काचेला चिकटलेली आई

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचा फोटो एकच. भाऊ नाही, म्हणून अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या तिथीला, तिचं पान मीच वाढते. यंदा नवमी आठ दिवसांवर आली आणि फ्रेमला वाळवी लागलेली दिसली. मग नाशिकभर फ्रेमवाला शोधत फिरले.

कॉलेज रोडच्या चकचकीत दुकानात दुकानदाराने मागचा पुठ्ठा काढला. "मॅडम, फोटो काचेला चिकटलाय. स्कॅन करून नवा देऊ का?" असं विचारता विचारताच त्याने कोपरा ओढला. आईच्या पदराचा तुकडा टर्रकन फाटला. मी अशी ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला बाहेर आला. रागीट म्हणून मी घरात प्रसिद्धच आहे, पण तेव्हा रागापेक्षा भीती जास्त होती.

शेवटी भद्रकालीतल्या एका बोळात एक म्हातारे कारागीर सापडले. त्यांनी फोटो उजेडात तिरका धरला.

"कुंकू लावता ना काचेला?"

"दर नवमीला. आधी ओल्या फडक्याने पुसते."

"तेच पाणी खालून आत गेलं, ताई."

म्हणजे इतकी वर्षं मीच.

"ओढायचा नाही. काचेसकट नव्या फ्रेममध्ये बसवू. पण काढताना काच तडकली, तर चेहराही गेला."

ते पकडीने एकेक खिळा उपटू लागले. प्रत्येक खिळ्याला काच कुरकुरायची. एक खिळा गंजून बसला होता. ते थांबले, हात पुसले, पुन्हा वाकले. मी काउंटर घट्ट धरून उभी होते. काच अखंड निघाली तेव्हा मला चक्क रडू आलं.

"आता पाणी नाही, कुंकू नाही," त्यांनी बजावलं. "कोरडं फडकं बास."

नवमीला कळवणहून वडील आले. फोटोला हार होता, पुढे ताट वाढलेलं होतं. ते फोटोजवळ वाकले.

"तिचं कपाळ मोकळं का ठेवलं?"

मी पाण्याचं, काचेचं, माझ्या चुकीचं सगळं सांगितलं.

"समदं खरं. पण मी हाय ना अजून?"

मी कुंकवाचा करंडा आणला. त्यांनी कोरड्या बोटाने कुंकू टेकवलं. बरंचसं ताटात सांडलं, थोडं कपाळावर राहिलं. सांडलेलं मी पुसलं नाही.