दिवाळीपर्यंत घरशाळा

किस्से गोळा करायला घराबाहेर पडावं लागतं, असा माझा पंचवीस वर्षं समज होता. पोलीस ठाणी, महापालिका, चाकणच्या कंपन्यांची गेटं, सगळं पालथं घातलं. यंदा पावसाळा संपता संपता दोन्ही मुलींना घरी शिकवायला घेतलं आणि कळलं, की किस्से आपल्या जेवणाच्या टेबलावरच येऊन पडतात! एक पुसून टाकेपर्यंत दुसरा हजर. ऑफिसात चहाला बसलं की सगळे विचारतात, "नीता, आज काय झालं?" मी सांगते, ते पोट धरून हसतात. हसू देत. त्यांच्या पोरांच्या बस वेळेवर येतात.

आमच्या येत नव्हत्या. आम्ही राहतो तळवड्यात आणि शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये एक कायम तुंबलेला चौक, चाकणकडे निघालेले ट्रेलर, आयटीवाल्यांच्या गाड्या आणि त्यात अडकलेली आमची पिवळी बस. थोरली रेवा सहावीत. तिला बस लागते. जाताना एक उलटी, येताना एक. शेवटी पोरीनं सकाळी खाणंच सोडलं. मी त्या चौकावर तीन बातम्या केल्या. चौक जागचा हलला नाही. मग चौथी बातमी करण्याऐवजी मी मुलगीच तिथून हलवली. धाकटी इरा दुसरीत. तिला बस अजिबात लागत नाही, पण "ताई नाही तर मी पण नाही" म्हणून तीही घरी.

मुख्याध्यापिकाबाई कडक. म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत नाव ठेवते. सुट्टी संपली की रेवाची चाचणी. पास झाली तर वर्षाची परीक्षा बाहेरून देऊ दे. नाही झाली, तर दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये. दोघीही."

मी भांडायला तोंड उघडलं, तर पुढे म्हणाल्या, "आणि मॅडम, याची बातमी करायची नाही!"

*

नवरा, संदीप, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. घरशाळेचं नाव काढल्यावर तो नाराज होईल असं वाटलं होतं. तो खूश झाला! दोन रविवार खपून त्यानं एक तक्ता बनवला आणि फ्रिजवर चिकटवला. मथळा: 'ब्रेकडाउन प्लॅन'. लाइट गेली तर काय, नेट गेलं तर काय, पाणी आलं नाही तर काय, आई अचानक बातमीला पळाली तर काय. प्रत्येकापुढे प्लॅन ए, प्लॅन बी आणि जबाबदार व्यक्ती. जबाबदार व्यक्तीच्या खाली सगळीकडे माझं नाव.

"राव, सगळं धरलंय बघ," तो म्हणाला. (तो मलाही राव म्हणतो. कंपनीची सवय.) "आता काहीही होऊ दे, तास बुडणार नाही!"

पहिल्या सोमवारी सकाळी नऊला बेल वाजली. दारात सासूबाई, निघोज्याहून टेम्पोनं आलेल्या, आणि बरोबर भुईमुगाच्या ओल्या शेंगांची दोन पोती.

"पोरी घरीच हायत म्हणं. मंग म्हनलं, हात रिकामं कशाला?"

तक्त्यात ही ओळ नव्हती. आठवडाभर आम्ही गणित, इतिहास आणि भूगोल शेंगा फोडत शिकलो. संदीपनं जाऊन तक्त्यात खाली लिहिलं: 'आई'. जबाबदार व्यक्तीच्या खाली? पुन्हा मीच!

*

गणित संदीपकडे. म्हणजे गणिताचा तास त्याच्या शिफ्टप्रमाणे फिरतो. फर्स्ट शिफ्टला असला की संध्याकाळी, सेकंडला असला की सकाळी. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात मी म्हटलं, राहू दे. तर म्हणाला, "प्लॅन म्हणजे प्लॅन." कंपनीतून आला, अंघोळ केली, फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले आणि छेदाखाली रेघ मारायला वाकता वाकता खुर्चीतच झोपला. हातात खडू तसाच.

मी अंडी घेऊन वर आले तर घर चिडीचूप. मुलींनी त्याला चादर पांघरली होती आणि पाठीला कागद लावला होता: 'मशीन बंद आहे. दुरुस्ती चालू. हात लावू नये.'

मी विचारलं, "आणि गणित?"

"सोडवलं," रेवा म्हणाली. "उत्तर तपासायला दुसरी शिफ्ट येईल."

*

आता नातेवाईक. मूल शाळेत जात असतं तोवर त्याला काय येतं याची कुणालाही पर्वा नसते. घरी बसवलं, की जो येतो तो परीक्षक! माझे देहूरोडचे मावसभाऊ तर चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले.

"रेवा, एकोणतीसचा पाढा म्हण बघू!"

रेवा शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणा. मी बघते बरोबर येतो का."

मामा एकोणतीस सातेपर्यंत गेले आणि तिथून थेट चहाकडे वळले.

सोसायटीचं तर विचारूच नका. "तुम्ही घरीच असता ना?" हे वाक्य मी ऑक्टोबरात इतक्यांदा ऐकलं, की त्यावर अग्रलेख लिहीन. कुणाचं पार्सल, कुणाचा सिलिंडर, कुणाची किल्ली, सगळं आमच्याकडे. एक दिवस समासविग्रह शिकवताना घरात तीन पार्सलं, एक शिलाई मशीन आणि समोरच्या काकूंचा पोपट होता. पोपटानं रेवापेक्षा जास्त लक्ष दिलं.

*

आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते. दुरुस्तीची कामं. त्यात ऑक्टोबरची तलखी. पंखा बंद म्हणजे मुली वितळल्याच. एका गुरुवारी विज्ञानाचा व्हिडिओ ऐन रंगात आला आणि गेली! इरानं टाळ्या वाजवल्या. "शाळा सुटली!"

माझं डोकं सणकलं. वीज कार्यालयात फोन लावला आणि माझा तो प्रसिद्ध आवाज काढला. "मी वार्ताहर नीता बोलते आहे. नागरिकांना पूर्वसूचना न देता वीज घालवायची, हा कुठला कारभार? मुलांच्या शिक्षणाचं काय? मला लेखी उत्तर हवंय!"

पलीकडचा माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, सूचना आजच्या पेपरात आहे. पान तीन."

"कुठल्या पेपरात?"

"तुमच्या. बातमीवर तुमचंच नाव आहे."

मी 'नेटवर्क नाही' म्हणून फोन ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

*

खंडेनवमीला आमच्या सासूबाई हत्यारं पुजतात. गावाकडे विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ. इथे फ्लॅटमध्ये काय पुजणार? मी निर्धास्त होते. आंघोळ करून बाहेर आले तर पाटावर रेवाचा अख्खा अभ्यासक्रम! सहावीची सगळी पुस्तकं, वह्या, दोन्ही कंपासपेट्या, लॅपटॉप, संदीपचे पाने, बाजूला त्या गुरुवारनंतर घेतलेला, झेंडूची माळ घातलेला इन्व्हर्टर आणि मधोमध, हळदीकुंकू लावलेला माझा फोन.

"आजी, माझी चाचणी आहे!" रेवा रडकुंडीला आली. "पुस्तक तरी दे."

"न्हाई. पूजंत मांडल्यालं दसऱ्याबिगार हलवायचं न्हाई."

मी संदीपकडे पाहिलं. तो हात जोडून उभा. "आमच्याकडे पण आज शटडाउन असतो," म्हणे!

तेवढ्यात झेंडूखालून माझा फोन वाजला. संपादक. मी हात पुढे केला, सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा. इन्व्हर्टरसमोर उदबत्ती ओवाळत त्या म्हणाल्या, "वाजू दे. पूजा झाली की घेईल म्हनावं."

दसऱ्याला फोन हातात आला. स्पीकरच्या भोकांत कुंकू गेलंय. तेव्हापासून संपादक ओरडले तरी लांबून ओरडल्यासारखे वाटतात. तेवढा एक फायदा.

*

मराठी माझ्याकडे. वाटलं, इथे तरी आपलं राज्य. सराव म्हणून रेवाला निबंध दिला, 'आमची दिवाळीची तयारी'. तिनं हे लिहून आणलं:

'तळवडे, प्रतिनिधी. येथील एका घरात चकल्या विरघळल्याची घटना सोमवारी उघडकीस आली. भाजणीत मोहन कमी पडले की जास्त, यावरून दोन महिलांमध्ये मतभेद आहेत. घटनेच्या वेळी शिक्षिका फोनवर होत्या. या प्रकरणी आजींशी संपर्क साधला असता त्यांनी बोलण्यास नकार दिला.'

मी कपाळाला हात लावला. "अगं, परीक्षेत असं नाही लिहायचं! भावना कुठे आहेत?"

"तूच म्हणतेस ना, बातमीत आपलं मत घालायचं नाही?"

वाचून झाल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "नकार कवा दिला म्या? मोहन हिनंच घातलं. लिव्ह!"

*

दिवाळी संपली. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी रेवा कपड्यांच्या घड्या करत होती. एकाएकी म्हणाली, "आई, मी नापास झाले तर मला बसमध्ये खिडकीची सीट मिळेल का?"

मी ढिगातला एक टॉवेल उचलला आणि तिच्या शेजारी बसून घड्या घालायला लागले.

सकाळी बाईंच्या केबिनमध्ये तिला बसवलं. तीन पेपर. मी समोरच्या बाकावर. दुपारी बाई लाल पेन घेऊन बसल्या आणि माझं तोंड काही गप्प राहीना. "बाई, हे उत्तर बरोबर आहे, अर्धा गुण का कापला? कारण द्या!"

"आई," रेवा दात आवळून म्हणाली, "गप्प बस ना."

बाईंनी निबंध उघडला. दोनदा वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पेपर माझ्याकडे सरकवले.

"पास आहे. चांगली पास. वर्षाची परीक्षा बाहेरून देऊ दे."

रेवानं एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचे कागद हलले. मी उठले. लढाई जिंकल्यावर फार वेळ थांबू नये, हे मला धंद्यानं शिकवलंय.

"मॅडम, एक मिनिट." बाईंनी शिपायाला चहा आणायला पाठवलं. उठून केबिनचं दार लावलं. खिडकीचा पडदाही ओढला. परत येऊन बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे कृपा करून कुठे बोलू नका. माझी धाकटी चौथीत आहे. इथेच. मी मोशीहून येते, त्याच ट्रॅफिकमधून. रोज सकाळी गाडीत माझ्या शेजारी बसून रडते हो ती. तुमच्याकडे... म्हणजे सकाळी दहा ते एक... डबा मी देत जाईन."

रेवानं कंपासपेटी बंद केली, दप्तरात टाकली आणि म्हणाली,

"आधी तिची चाचणी घ्यावी लागेल, मॅडम."