हॉल आणि आमचं ख्रिस्ती मत

चर्चमध्ये गंभीर राहावं लागतं, म्हणूनच तिथले किस्से साठत जातात. एरवी माणूस हसून मोकळा होतो, प्रार्थनेत मात्र ओठ दाबून बसावं लागतं. आमच्या सिडनीतल्या गिरावीनच्या मराठी मंडळीची उपासना लॉकडाऊनमध्ये झूमवर आली आणि किस्स्यांना नुसता ऊत आला!

त्यात कौन्सिलची निवडणूक लागली. सोबत मतदारांना एक प्रश्न होता: जुना कम्युनिटी हॉल पाडून तिथे पार्किंग करावं का? हो किंवा नाही. त्याच हॉलमध्ये दर रविवारी आमची उपासना व्हायची. हॉल गेला तर आम्ही रस्त्यावर! पाळक साळवे साहेबांनी जाहीर केलं, "या प्रश्नाचा ख्रिस्ती दृष्टीने विचार झाला पाहिजे."

झालं! दर शुक्रवारी झूमवर विचार सुरू.

*

सगळ्यात जास्त विचार उबाळे काकांचा. काका नगरला हेडमास्तर होते. शीला काकू नर्स म्हणून कधीच्याच सिडनीला आलेल्या. काका रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे आले आणि मंडळीचे हेडमास्तर झाले.

पहिल्याच मीटिंगला त्यांनी बॉम्ब टाकला. "शास्त्रात पार्किंगचा उल्लेख कुठेही नाही!"

मी म्हटलं, "काका, कौन्सिलचाही नाही."

"म्हणूनच सांगतोय, सावध राहा!"

*

मग हॉलसाठी उपास ठरला. संध्याकाळपर्यंत अन्न नाही, शेवटी सगळ्यांनी झूमवर एकत्र प्रार्थना. पाळक अगदी रंगात आले होते आणि कुठूनतरी कुरुम कुरुम आवाज यायला लागला. कुणीतरी चिवडा खात होतं! काकांचा कॅमेरा बंद होता, माइक मात्र चालू.

पाळकांनी डोळे उघडले नाहीत की सूर सोडला नाही. "आणि हे प्रभू, ज्या बंधूचा उपास सुटला आहे, त्याला म्यूट होण्याची सद्बुद्धी दे. आमेन!"

*

एका शुक्रवारी माझी मुलगी माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावली. पाळक तेव्हा पार्किंगच्या मोहाबद्दल बोलत होते.

"बट बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "यू ऑल्वेज गेट अँग्री, चर्चला पार्किंग नाही म्हणून!"

पाळक गोड हसले. "बेटा, संडे स्कूलची ब्रेकआउट रूम वेगळी आहे हं!"

*

भगिनींचं मतही विचारलं गेलं, खोटं कशाला बोलू? मीटिंग संपायला आली तेव्हा, पण विचारलं.

शीला काकू नुकत्याच शिफ्टवरून आल्या होत्या. चेहऱ्यावर मास्कचे वळ तसेच. दर रविवारी आम्ही हॉलमध्ये गाणी म्हणायचो आणि काकू मागच्या किचनमध्ये अख्ख्या मंडळीचा रस्सा-भात करून पातेली घासायच्या. शेवटच्या गीताला हात पुसत यायच्या. लॉकडाऊनमध्ये त्यांनी पहिल्यांदाच पूर्ण उपदेश बसून ऐकला असेल.

त्या पुढे सरकल्या. "मला वाटतं, हॉल म्हणजे..."

"शीला, चहा टाकतेस का जरा?" काका म्हणाले.

काकू उठून गेल्या. मला फार वाईट वाटलं. पाळकांनी समारोप केला, "म्हणजे भगिनींचाही पूर्ण पाठिंबा आहे!"

*

शेवटी मतदानाचा शनिवार आला. तोवर निर्बंध सैल झाले होते. मतदान असलेल्या शाळेच्या बाहेर आम्ही सगळे मास्क लावून, अंतर राखून जमलो. शेजारी सॉसेजचा स्टॉल. कांदा परतल्याच्या वासात पाळकांनी शेवटची प्रार्थना केली आणि म्हणाले, "चला, आत जाऊन 'नाही' लिहा!"

कुणीच हललं नाही.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "मी अजून पीआरच आहे, नागरिक नाही. मला मत नाही."

"मलाही नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला वाटलं, तुम्हा बाकीच्यांना आहे!" तिसरा.

सगळ्यांनी पाळकांकडे पाहिलं. ते घसा खाकरत म्हणाले, "माझी सिटिझनशिपची सेरेमनी कोविडमुळे पुढे गेली."

इतके शुक्रवार विचार केला, उपास केले, आणि अख्ख्या मंडळीत मत किती? एक! शीला काकूंचं.

"घाबरता काय?" काका छाती काढून म्हणाले. "शीलाचं मत म्हणजे माझंच मत!"

काकू तोवर आत जाऊनही आल्या होत्या. हातात गरमागरम सॉसेज सँडविच. सगळी मंडळी अंतरबिंतर विसरून त्यांच्याभोवती गोळा झाली.

"शीला, 'नाही' लिहिलंस ना?" काकांनी विचारलं.

काकूंनी मास्क हनुवटीवर ओढला, मोठा घास घेतला, सावकाश चावून खाल्ला आणि म्हणाल्या,

"अहो, मतदान गुप्त असतं. तुम्ही आपले प्रार्थना करत राहा!"