दादांचा डावा पाय

बोलता बोलता दादा डावा पाय उचलून लूमच्या चौकटीवर टेकवायचे. "काय न्हाय रं, जरा दम खातंय त्यो," म्हणायचे. घरातल्या एखाद्या आळशी भावाबद्दल बोलावं, तसं.

भिवंडीतल्या यंत्रमागांच्या कारखान्यांत बारा बारा तास उभे राहणारे पाय तुम्हीही पाहिले असतील. दादांच्या पोटरीवर शिरांच्या निळ्या गाठी होत्या आणि घोट्याजवळची जखम वर्षभर भरत नव्हती. मी त्यांचा बदली कामगार. ते सुट्टीवर गेले की त्यांचे चार लूम मी चालवायचो.

शेवटी मीच त्यांना ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे तेव्हा लेझर नवीनच आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनमध्ये खराब शीर काढून टाकतो, तीन आठवडे आराम. लेझरने ती आतूनच जाळून बंद करतो. त्याच दिवशी घरी. गुण दोन्हींनी येईल. पण लेझरनंतरही पायाला घट्ट मोजा घालायचा, चालायचं, फार वेळ उभं राहायचं नाही."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दादा, लेझर केलं तर तुम्ही आराम करायचे नाहीत. ऑपरेशनच करा. तीन आठवडे लूम मी बघतो."

"तीन आठवडं लूम ज्याच्या हातात, त्याचंच व्हतात. मी पन असाच कामाला लागलो व्हतो." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू चांगला हायस. पन तुलाबी पोरंबाळं हायत."

मला राग आला.

त्यांनी लेझर केलं आणि तिसऱ्या दिवशी शिफ्टला उभे राहिले. जो घरी चालत येतो तो बरा झाला, हा आमचा कारखान्यातला हिशेब. मोज्याला कापसाची लव चिकटून खाज सुटायची, म्हणून तोही काढून ठेवला. आठवड्याभरात पाय सुजून टणक झाला आणि दादांनी अंथरूण धरलं.

दोन महिन्यांनी शेठ मला म्हणाले, "अब ये चार तू ही सँभाल."

'दादा येईपर्यंत,' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. मला आनंद झाला होता, आणि त्याची लाज अजून जात नाही.

एके दिवशी दादा काठी टेकत आले. चारही लूमसमोरून फिरले आणि तिसऱ्यापाशी थांबून त्यांनी तान्याच्या उभ्या सुतावर तळवा ठेवला.

"ताना ढिला हाय. कसून घे," म्हणाले आणि निघाले. त्यानंतर ते कारखान्यात कधी आले नाहीत.

ते दाराबाहेर पडेपर्यंत मी मान वर केली नाही. ताना खरंच ढिला होता.