जावयाचा जेलब्रेक

माझ्या नणंदेचा नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरीला होता, पण स्वतःला मोबाइलचा डॉक्टर समजायचा. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर हौसेने आयफोन घेतला आणि हा जावई लॅपटॉप काखोटीला मारून पनवेलला आमच्या घरी हजर.

"बाबा, जेलब्रेक करून, म्हणजे कंपनीची बंधनं तोडून मोकळा करतो. हवी ती रिंगटोन, हवी ती ॲप्स."

जेवताना त्याने प्रकार समजावले. अनटेथर्ड म्हणजे एकदा केला की संपलं, फोन कितीदाही बंद-चालू करा. सेमी-टेथर्डमध्ये फोन सुरू होतो, पण बाहेरून टाकलेली ॲप्स लॅपटॉपला जोडल्याशिवाय चालत नाहीत. आणि टेथर्ड असला तर बंद पडलेला फोन लॅपटॉपशिवाय उघडतच नाही.

"मग बाबांचा कुठला?" मी विचारलं.

"टेथर्ड. या मॉडेलला सध्या तोच आहे." जणू यानेच शोधून काढला होता! वर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला नाही कळायचं ते."

मला एवढं कळलं की सासऱ्यांचा फोन आता याच्या दावणीला बांधला गेला. वीज जायची, बाबा चार्जिंग विसरायचे, फोन बंद पडायचा. मग जावयाला निरोप. तो सवडीने रविवारी उगवायचा. सासूबाई कोळणीकडून जिताडा आणायच्या, तळायची मी. हा वायर जोडून दोन बटणं दाबायचा आणि बोटं चाटत जेवायचा.

पुढे त्या मॉडेललाही अनटेथर्ड आला. स्वतःच्या फोनवर त्याने तो लगेच टाकला. बाबांच्या फोनचं विचारलं तर, "पुढच्या खेपेला बघू." त्याला मान मिळत होता तो फोन बंद पडतो म्हणूनच, हे त्यालाही ठाऊक असणार.

एका दुपारी मी बाहेर असताना सासूबाईंना चक्कर आली. बाबांचा फोन बंद. शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवरून मला कळलं. रक्तदाब वाढला होता, थोडक्यात निभावलं. त्याच संध्याकाळी मी फोन माझ्या लॅपटॉपला लावला, सगळं पुसलं आणि नव्यासारखा केला. कळायला त्यात काही अवघड नव्हतंच.

रविवारी जावई आला. "वहिनी, जेलब्रेक घालवलात? अहो, रिंगटोन गेली!"

बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "गेली तर गेली. फोन लागतो ना आता."

तो चहा अर्धा टाकून उठला. वहिनीने चांगला फोन बिघडवला, असं तो अजून नातेवाइकांत सांगतो. सांगू दे.