रिकामा परत आलेला डबा

कुणाच्या दाराच्या कडीला अडकवलेला स्टीलचा डबा दिसला की मुलुंडची ती केस आजही डोळ्यांपुढे उभी राहते. नावं सांगणार नाही. माणसं हयात आहेत.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात तपासाला होतो. एका सोसायटीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना आजीच म्हणत, घरात बेशुद्ध सापडल्या. मुलगा त्यांना कायमचं बंगळुरूला न्यायला आला होता. रात्रीची गाडी होती, दिवसभर बाहेरची कामं उरकून तो परतला तर आई काही केल्या उठेना. झोपेच्या औषधाचा मोठा डोस पोटात गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. थोडा उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. बाईचा आवाज. "सांभाळायला येते ना ती मुलगी, तिला बघा. काम सुटणार म्हणून डूख धरला होता तिने."

मुलगी बुलढाण्याकडची, नाहूरला खोली घेऊन राहणारी. रोज संध्याकाळी येऊन आजींना गोळ्या द्यायची. त्या दिवशीही दिल्या होत्या. महिला शिपायासमोर तिचा जबाब घेतला. रडली नाही.

"आजी झोपेतच होत्या साहेब. हलवलं तं अर्धवट उठल्या, गोळ्या घेतल्या न् परत झोपल्या. मी कशाला असं करू? मला दवाखान्यात नोकरी लागली. तुमच्याच ठाण्यात पडताळणी अडकली माझी. कागदावर लाल शेरा पडला तं संपलं ना सगळं."

कागद खरोखरच आमच्या टेबलावर पडून होता. वरिष्ठ म्हणाले, "अटक दाखव आणि मोकळा हो." मी म्हणालो, "साहेब, थोडा वेळ द्या." फोन करणारीला त्या मुलीच्या मनातलं इतकं कसं ठाऊक, हे मला खटकत होतं. छडा लागल्याशिवाय त्या कागदावर शेरा मारायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

आजी शुद्धीवर आल्या, पण शेजारच्या मैत्रिणीने दिलेली खीर दुपारी खाल्ली, एवढंच त्यांना आठवत होतं. पुढचं सगळं पुसलेलं. उशाशी मात्र पुस्तक होतंच. बिल्डिंगमधल्या बायकांचा वाचनगट त्या चालवायच्या आणि त्यात वाचायच्या त्या फक्त कोझी मिस्टरी.

"म्हणजे काय असतं हो?" मी विचारलं.

"गुन्हा असतो, पण रक्त दाखवायचं नाही. गुन्हेगार ओळखीतलाच. शोध लावते ती शेजारची एखादी बाई. आणि शेवटी गल्ली पुन्हा पहिल्यासारखी झाली पाहिजे."

"मग आम्ही पोलीस कशाला?"

"असता ना तुम्ही. चुकीच्या माणसाला पकडायला," आजी शांतपणे म्हणाल्या. "ती मुलगी तसली नाही."

राग आला.

मग मैत्रिणीकडे गेलो. या दोघी लग्न होऊन आल्यापासून शेजारी, एकमेकींच्या घरांच्या किल्ल्याही एकमेकींकडे. वाचनगटाच्या बायका तिथेच जमल्या होत्या. मैत्रिणीचा जबाब सरळ होता. दुपारी खिरीचा डबा दिला. थोड्या वेळाने आजींनी स्वतः दारात येऊन तो परत केला, तेव्हा त्या ठणठणीत होत्या. म्हणजे खीर निर्दोष, आणि जे काही झालं ते मुलगी आल्यावर.

जबाब घेताना फालतू वाटणारे प्रश्न विचारायची माझी जुनी सवय. हवालदार लिहीत होता, मी विचारलं, "डब्यातून त्यांनी काय दिलं?"

"काही नाही. रिकामाच दिला, धुऊन."

सोफ्यावरच्या एक बाई हसल्या. "रिकामा? आणि तिने? काहीतरीच काय!"

"अगं, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालते ती," दुसरी म्हणाली. "इतक्या वर्षांत रिकामं भांडं कुणाला दिलं नाही तिने."

बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. सगळ्या मैत्रिणीकडे बघू लागल्या. डबा आजींनी दिलाच नव्हता. त्या झोपल्यावर किल्लीने दार उघडून हिनेच तो उचलून आणला आणि धुऊन टाकला होता.

मैत्रीण खुर्चीत बसली. "ती गेली असती हो. मी कुणाशी बोलणार होते? एवढी गाडी चुकली असती तर मी तिला समजावलं असतं. माझ्याच गोळ्या, अंदाजाने घातल्या. मरावी म्हणून नाही हो!"

"आणि तो फोन?"

मान खाली. "मीच केला."

"त्या मुलीचं काय झालं असतं?"

"तिला काय, दुसरीकडे काम मिळालं असतं."

तोवर मला बाईंची कीव येत होती. या वाक्याने ती संपली. डबा मुद्देमालात जमा केला, पंचनामा झाला, पुढे चार्जशीटही गेली. मुलीच्या पडताळणीवर मी स्वतः 'आक्षेप नाही' लिहिलं आणि कागद त्याच दिवशी रवाना केला.

आजी बंगळुरूला गेल्या. जाताना म्हणाल्या, "आपली गोष्ट कोझीत बसते हो. थोडी ताणावी लागेल, पण बसते. मैत्रिणीने मैत्रिणीपायी केलेला गुन्हा, कुणी मेलं नाही, डब्यावरून उकल." तेव्हा मीही तसंच समजत होतो. अशी गोष्ट लिहिणाऱ्याने कितीही ताणावी, गुन्हेगारावर वाचकाची माया बसवावी, माझी हरकत नाही. पण ज्याच्यावर खोटा संशय आला त्याचं नंतर काय झालं, हे विचारल्याशिवाय गल्ली पहिल्यासारखी झाली असं लिहू नये. हे मला आजींनी नाही, त्या मुलीने शिकवलं.

पुढे एकदा ती दवाखान्यात भेटली, गणवेशात. आजींची ती मैत्रीण जामिनावर सुटल्यावर नाहूरला तिच्या खोलीवर आली होती म्हणे. नवा डबा भरून बेसनाचे लाडू आणले होते, हात जोडले होते.

"मग? घेतलास डबा?"

"घेतला ना साहेब. लाडू चाळीतल्या पोरांना वाटले. डबा घासला, पुसला, न् दुसऱ्या दिवशी नेऊन दिला."

ती आजींच्या घरात वावरलेली. भांडं परत कसं करतात, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तरी मी विचारलं, "काय घालून दिलास?"

"काही नाही," ती म्हणाली. "रिकामा."